काक्षी मंदावला म्हणण्याआधी या चुका टाळा

थंडी पडली आणि मृग नक्षत्र पूर्वेला वर आलं, की व्हॉट्सअॅपवर तो मेसेज हमखास फिरायला लागतो: मृगातल्या काक्षी या ताऱ्याचा स्फोट होणार, आकाशात दोन सूर्य दिसणार. २०१९-२० च्या हिवाळ्यात हा तारा खरोखरच मंदावला, तेव्हापासून हे दरवर्षीचं झालं आहे. मेसेज सोडून द्या. पण त्याच्या निमित्तानं सातारा-सांगलीकडची बरीच पोरं गच्चीवर चढून काक्षीकडे बघायला लागली, हे चांगलंच झालं. अडचण पुढे येते. "काका, कालच्यापेक्षा आज फिका वाटतोय." "फोटोत पिवळा आलाय, काही झालंय का?" बहुतेक वेळा ताऱ्याला काहीही झालेलं नसतं. बदल आपल्या डोळ्यात, फोनमध्ये, नाहीतर कृष्णेच्या खोऱ्यातल्या हवेत झालेला असतो. खरा बदल हाती लागायचा तर हे खोटे बदल आधी निवडून बाजूला काढावे लागतात.

काक्षी, म्हणजे बीटलज्यूस, हा लाल महाराक्षसी तारा. सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाच्या कक्षेपलीकडे जाईल एवढा फुगलेला, आणि वस्तुमान सूर्याच्या पंधरा-वीस पट. अशा ताऱ्यांची तेजस्विता मुळातच स्थिर नसते. जॉन हर्शेलनं १८३६ मध्येच काक्षीचं कमीजास्त होणं टिपलं होतं. तेव्हा 'तारा बदलतोय' ही बातमी नाही. किती बदलला, किती दिवसांत बदलला आणि तो बदल खरंच ताऱ्याचा आहे का, एवढं पाहायचं.

आकडा उलटा वाचणे

ही चूक एका ओळीत मिटते. ताऱ्याची प्रत, म्हणजे त्याची तेजस्विता सांगणारा आकडा, जितकी मोठी तितका तो मंद. काक्षी साधारण ०.५ प्रतीच्या आसपास असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तो १.६ पर्यंत उतरला, तर एप्रिल २०२३ मध्ये जवळजवळ शून्यापर्यंत उजळला. एका प्रतीचा फरक म्हणजे प्रकाशात सुमारे अडीच पटींचा फरक. '०.५ चा १.६ झाला म्हणजे तिपटीनं वाढला' असं छापून आलेलं वाचलंय. झालं होतं नेमकं उलट.

'मंद वाटतो' यावर थांबणे

वाटण्याला किंमत नाही. तुलना हवी, आणि ती एका नव्हे तर दोन ताऱ्यांशी: एक काक्षीपेक्षा तेजस्वी, एक मंद. हिवाळ्याच्या आकाशात त्यासाठी हवे ते सगळे हाताशी असतात. ब्रह्महृदय (कॅपेला) आणि राजन्य (रायजेल) ०.१, प्रश्वा (प्रोसियॉन) ०.४, रोहिणी ०.९, पुनर्वसूतला तेजस्वी तारा १.१, आणि मृगाच्या चौकोनात काक्षीच्या शेजारचा बेलाट्रिक्स १.६. व्याध यात घेऊ नका. तो उणे दीड प्रतीचा, त्याच्यापुढे सगळेच फिके. रोहिणी स्वतःही किंचित बदलते, पण डोळ्यानं केलेल्या अंदाजात तो बदल बुडून जातो.

करायचं असं. समजा प्रश्वा काक्षीपेक्षा थोडा उजळ दिसतो आणि रोहिणी काक्षीपेक्षा मंद. प्रश्वा ते रोहिणी या अंतराचे मनात पाच हिस्से करा. काक्षी प्रश्वापासून दोन हिस्से खाली आणि रोहिणीपासून तीन हिस्से वर वाटला, तर ०.४ मध्ये ०.५ चे दोन पंचमांश मिळवा. आलं ०.६. एवढंच गणित. सवय झाली की मिनिटभराचं काम, आणि दुसऱ्या निरीक्षकाशी ताडून बघता येईल असा आकडा हाती येतो.

उंचीचा विचार न करणे

आमच्याकडून होणाऱ्या चुकांत ही सगळ्यात मोठी, आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी. क्षितिजाजवळच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या जाड थरातून येतो. डोक्यावरच्या ताऱ्यासाठी हवेचा थर एक धरला, तर ३० अंश उंचीवर तो दोन होतो, २० अंशांवर जवळपास तीन, १५ अंशांवर पावणेचारच्या पुढे. स्वच्छ रात्रीही प्रत्येक थर साधारण पाव प्रत खातो.

आता डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातली साताऱ्याची रात्र घ्या, नवाचा सुमार. जेवण आटोपून माणूस गच्चीवर येतो तीच वेळ. काक्षी पूर्वेला सुमारे ४० अंशांवर आलेला असतो. प्रश्वा मात्र नुकताच उगवून १५ अंशांच्या आसपास. काक्षीच्या वाट्याला दीड थर हवा, प्रश्वाच्या वाट्याला पावणेचारच्या वर. फरक सव्वादोन थरांचा, म्हणजे अर्ध्या प्रतीहून जास्त. ०.४ चा प्रश्वा तुम्हाला जवळजवळ रोहिणीइतका फिका दिसणार आणि काक्षी त्याच्यापुढे झळकणार. त्याच वेळी रोहिणी ६० अंशांवर चढलेली असते, म्हणून तिच्याशी तुलना केली तर काक्षी उलट थोडा मंद वाटतो. एकाच गच्चीवर, एकाच मिनिटाला, एक जण म्हणतो उजळलाय आणि दुसरा म्हणतो मंदावलाय. दोघांचे डोळे चांगले आहेत, दोघांचे तुलना तारे चुकलेत.

उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो. फेब्रुवारीच्या मध्यात रात्री पावणेनऊ-नऊला काक्षी आपल्या अक्षांशावर जवळपास ८० अंशांवर येतो, रोहिणी आणि प्रश्वाही चांगले वर असतात. तेव्हा हवेचा फरक हिशेबात धरण्याइतका उरत नाही. मान मोडते खरी, त्यामुळे गच्चीवर चटई टाकून आडवं व्हायचं. डिसेंबरमध्येच बघायचं असेल तर मध्यरात्रीपर्यंत थांबा, किंवा काक्षीच्याच उंचीवरचे तारे निवडा. प्रत्येक नोंदीशेजारी तिन्ही ताऱ्यांची अंदाजे उंची लिहा. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, तेवढं माप पुरतं.

धूर, धुकं आणि गळीत हंगाम

परदेशी मार्गदर्शिकांत हे सापडणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांच्या परसात ऊस नसतो. मृग नक्षत्र रात्री चांगलं दिसतं ते नोव्हेंबर ते मार्च, आणि नेमका हाच आपला गळीत हंगाम. कऱ्हाडपासून इस्लामपूर, पलूस, सांगलीपर्यंत कृष्णाकाठी कारखान्यांची धुराडी चालू असतात, तोड झालेल्या रानात पाचट पेटवलेलं असतं, गुऱ्हाळं धगधगत असतात. सकाळी गच्चीवर काळी काजळी पडलेली दिसली, की रात्री आपण कशातून आकाश बघितलं ते कळतं. थंडीत वारा पडला की हा धूर खोऱ्यातच बसून राहतो, वर नदीचं धुकं मिसळतं.

अशा रात्री एका थरामागे पाव प्रत नाही, ०.४-०.५ प्रतही सहज जाते. वरच्या उदाहरणातला अर्ध्या प्रतीचा घोळ मग एका प्रतीचा होतो. २०२० च्या ऐतिहासिक मंदावण्याएवढा बदल तुम्ही नुसत्या पाचटाच्या धुरातून 'शोधून' काढू शकता! शिवाय धूर सगळीकडे सारखा नसतो. सांगलीत आयर्विन पुलाच्या बाजूला दाट, दुसरीकडे विरळ, असं असलं तर उंची सारखी असूनही तुलना फसते.

म्हणून काक्षीकडे वळण्याआधी आकाशाची चाचणी घ्या. ब्रह्महृदय आणि प्रश्वा यांची एकमेकांशी तुलना करा. दोघांत फरक सुमारे पाव प्रतीचा, ब्रह्महृदय किंचित उजळ. हे दोघं विशेष बदलत नाहीत. प्रश्वा त्याहून बराच मंद दिसला तर पूर्वेला हवा खराब आहे किंवा तो अजून खाली आहे. त्या रात्रीचा आकडा टाकून द्या, किंवा नोंदीत 'धूर' असं स्पष्ट लिहा.

जागा बदलता आली तर उत्तमच. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या बाजूला गेलं, की शहराचा धुरकट थर खाली राहतो. सांगली-मिरजेच्या लोकांना दंडोबाचा डोंगर जवळ पडतो. जत, आटपाडीकडचं माळरान यासाठी नशीबवान: हवा कोरडी, ऊस कमी, क्षितिज मोकळं. दुष्काळी भाग म्हणून हिणवला जातो तो, पण आकाश बघायला मला तरी कृष्णाकाठापेक्षा तोच बरा वाटतो.

लाल ताऱ्याकडे टक लावणे

अंधाराला सरावलेला डोळा निळसर प्रकाशाला जास्त दाद देतो, लालला कमी. त्यात लाल ताऱ्याकडे एकटक बघत राहिलं की तो हळूहळू उजळल्यासारखा वाटायला लागतो. निरीक्षक-निरीक्षकांत काक्षीच्या अंदाजात दोन-तीन दशांश प्रतींचा फरक पडतो, त्यामागं मुख्य कारण हेच. नजर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका. काक्षी, तुलना तारा, पुन्हा काक्षी, अशी पटपट फिरवा. चष्मा असेल तर तो काढून तारे थोडे धूसर करून बघितले तर आणखी चांगलं, रंगाचा त्रास कमी होतो.

चंद्राचंही भान ठेवा. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेचा चंद्र मृगाच्या शेजारीच असतो, महिन्याचं नावच त्यावरून पडलंय. त्याच्या मागचे-पुढचे तीन-चार दिवस निरीक्षणाला सुट्टी.

लुकलुकणं हा ताऱ्याचा बदल नव्हे, हे वेगळं सांगायला नको.

फोनच्या फोटोवर विश्वास

नाइट मोड दर वेळी स्वतःच्या मर्जीनं उजेड आणि रंग ठरवतो. काल नारंगी, आज पिवळा, परवा पांढरा, यात ताऱ्याचा दोष नाही. तेजस्वी ताऱ्याचा मधला भाग फोटोत जळून पांढरा होतो आणि तिथंच सगळी माहिती संपते. कॅमेऱ्यानंच करायचं असेल तर ट्रायपॉड लावा, सगळं मॅन्युअलवर घ्या, आयएसओ कमी ठेवा, फोकस मुद्दाम थोडा बिघडवा म्हणजे तारा ठिपका न राहता लहानशी चकती होईल. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं रंगरंगोटी न केलेली मूळ फाइल, घेऊन त्यातल्या फक्त हिरव्या रंगाचं मोजमाप करा. कॅमेऱ्याचा लाल भाग वापरला तर काक्षी भलताच उजळ येतो, कारण त्याचा बहुतेक प्रकाश लाल आणि अवरक्त आहे. डोळ्यानं काढलेला आकडा आणि कॅमेऱ्याचा आकडा एकाच आलेखात मिसळू नका.

एका रात्रीत निकाल

२०१९-२० चा मोठा बदलसुद्धा ऑक्टोबर ते फेब्रुवारी असा चार महिने चालला, महिन्याला साधारण पाव प्रत. हा वेग मनात पक्का ठेवा. तुमच्या वहीत काल ०.५ आणि आज ०.९ असेल, तर बिघाड तुमच्या बाजूला आहे: उंची, धूर, चंद्र, ओळखीचा घोळ, या क्रमानं तपासा. आठवड्याला एक नोंद भरपूर झाली. रोज बघितलं तर कालचा आकडा डोक्यात बसतो आणि हात तोच पुन्हा लिहितो. इंटरनेटवरचा ताजा आलेख बघून मग गच्चीवर जाणारे तर स्वतःलाच फसवतात. आधी अंदाज वहीत, मग आलेख.

प्रत्येक मंदावण्याला एकच कारण लावणे

आता समजा तुमचं सगळं बरोबर आहे आणि तारा खरोखर मंदावलाय. का? काक्षीत एकाच वेळी निरनिराळ्या गोष्टी चालू असतात. सुमारे ४०० दिवसांची आकुंचन-प्रसरणाची लय, तिच्यावर सुमारे २,१०० दिवसांची, म्हणजे पावणेसहा वर्षांची संथ लय. पृष्ठभागावर उकळत्या भातासारखे बुडबुडे येत-जात असतात, फक्त एकेक बुडबुडा ताऱ्याच्या पृष्ठभागाचा मोठा भाग व्यापणारा. आणि अधूनमधून बाहेर फेकलेला वायू थंड होऊन धूळ बनते.

२०२० ची गोष्ट बघण्यासारखी आहे. चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीनं काक्षीच्या तबकडीचे फोटो काढले, तर मंदावला होता तो प्रामुख्यानं दक्षिणेकडचा अर्धा भाग. हबल अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून त्याआधी काही महिने तिथूनच दाट, तप्त वायू बाहेर पडल्याचं दिसलं होतं. पृष्ठभागाचा एक भाग थंड झाला आणि वर धुळीचा पडदा आला, असं चित्र जुळलं. पुढे जपानी अभ्यासकांनी एक मजेशीर गोष्ट केली. हिमावारी-८ हा हवामान उपग्रह दिवसरात्र पृथ्वीचे फोटो काढतो, त्या फोटोंच्या कडेला अधूनमधून काक्षी येऊन गेलेला असतो. त्या जुन्या फोटोंतून त्यांनी साडेचार वर्षांचं मोजमाप काढलं. निष्कर्ष: तापमान सुमारे १४० अंशांनी उतरलं होतं, आणि थंडावणं व धूळ या दोघांचा वाटा जवळपास सारखा. ढग बघायला सोडलेल्या उपग्रहानं तारा मोजला!

त्यानंतर ताऱ्याची ४०० दिवसांची लय बिघडली, काही काळ त्याच्या निम्म्या, २०० दिवसांच्या आसपासची लय दिसत राहिली. त्यामुळे 'मागच्या वेळी अमुक महिन्यात मंदावला, म्हणजे या वर्षी तमुक महिन्यात' असली पंचांगं मांडू नका. संथ लयीचं कारणही आता बाहेर शोधलं जातंय: काक्षीला अगदी चिकटून फिरणारा छोटा सोबती तारा असावा असं २०२४ मध्ये गणितानं सुचवलं, आणि जुलै २०२५ मध्ये हवाईतल्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीच्या प्रतिमांत त्याची पुसटशी खूण दिसल्याचं जाहीर झालं.

मंदावला म्हणजे मरायला टेकला

ही चूक डोळ्याची नाही, समजुतीची आहे. ताऱ्याचा मृत्यू गाभ्यात ठरतो आणि आपल्याला दिसतो तो फक्त फुगलेला बाहेरचा पसारा. काक्षीच्या गाभ्यात सध्या हेलियम जळतंय, असंच बहुतेक अभ्यासक मानतात. तसं असेल तर स्फोटाला अजून लाखभर वर्षं असू शकतात. २०२३ मध्ये एका गटानं तो कार्बन जाळण्याच्या अखेरच्या टप्प्यात असल्याचं मांडलं होतं, त्यावरून बातम्याही झाल्या. पण ते गणित जुळायला तारा मोजलेल्या आकारापेक्षा बराच मोठा असावा लागतो, म्हणून ते फारसं स्वीकारलं गेलं नाही.

कार्बननंतर वेळ झपाट्यानं आटत जातो. कार्बनला काही शतकं ते हजारभर वर्षं, निऑन आणि ऑक्सिजनला महिने ते वर्ष-दोन वर्षं, सिलिकॉनला मोजके दिवस. आतली ही धावपळ बाहेरच्या पसाऱ्यापर्यंत पोचायलाही वेळ उरत नाही. म्हणजे गच्चीवरून दिसणाऱ्या चढउतारांवरून शेवटचा टप्पा ओळखता येईल, ही आशाच सोडा.

खरे मेलेले तारे काय सांगतात? १९ मे २०२३ ला जपानच्या कोइची इतागाकी यांना एम१०१ दीर्घिकेत अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन फुटलेला तारा, दिसला. लडाखमधल्या हानलेच्या हिमालयन चंद्रा दुर्बिणीनंही त्याचा मागोवा घेतला. स्फोटाआधीच्या जुन्या अवरक्त नोंदी काढल्या, तर तिथं धुळीत गुंडाळलेला लाल महाराक्षसी तारा होता आणि तो सुमारे हजार दिवसांच्या लयीत निवांत कमीजास्त होत होता. शेवटच्या काही वर्षांत मोठी उसळी नाही, काही नाही. उलट २०२० मधल्या एका अतिनवताऱ्याचा मूळ तारा स्फोटाआधी जवळपास १३० दिवस जास्तीचा उजेड टाकत होता. एकाच जातीचे तारे, दोन तऱ्हा. आणि १९८७ मध्ये मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत फुटला तो तर निळा महाराक्षसी होता, त्याच्यावर कुणाची नजरही नव्हती.

त्या १९८७ च्या स्फोटानं एक खात्रीची घंटा मात्र दाखवून दिली. प्रकाश पोचण्याच्या दोन-तीन तास आधी न्यूट्रिनो, म्हणजे कशातूनही सहज आरपार जाणारे सूक्ष्म कण, पृथ्वीवर आले, जपान, अमेरिका आणि रशियातल्या उपकरणांनी मिळून दोनेक डझन टिपले. आज जगभरच्या न्यूट्रिनो प्रयोगशाळा एकमेकींना जोडलेल्या आहेत. काक्षी फुटलाच तर पहिली वर्दी तिथून येईल.

'पण तो आधीच फुटला असेल ना?' हा प्रश्न येतोच. अंतर साडेपाचशे ते सातशे प्रकाशवर्षं धरलं जातं, म्हणजे आज दिसणारा उजेड सातारची गादी स्थापन होण्याच्या कितीतरी आधी निघालेला. पण लाख वर्षांच्या हिशेबात पाच-सातशे वर्षं म्हणजे किरकोळ. आणि फुटला तरी तो अर्ध्या चंद्राइतका किंवा थोडा जास्त उजळेल, दिवसाही दिसेल. दुसरा सूर्य वगैरे काही नाही, इतक्या दुरून आपल्याला धोकाही नाही.

पावसाळ्यात शोधणे, आणि ज्येष्ठा

दर जूनला कुणीतरी विचारतं: मृग लागला, मग मृग नक्षत्र कुठं दिसतंय? मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात गेला, मग रात्री ते दिसणार कसं? मे ते जुलै काक्षीच्या नोंदीत खंड पडणारच, पुढे ऑगस्टअखेरीस पहाटे ढगांतून वाट मिळाली तर मिळाली. या खंडाच्या आधीचा आणि नंतरचा आकडा सरळ रेषेनं जोडू नका, मधे तारा काहीही करून आलेला असतो.

ज्यांना तोवर दम निघत नाही त्यांच्यासाठी ज्येष्ठा आहे, वृश्चिकेतला लाल महाराक्षसी. तोही बदलतो, साधारण ०.६ ते १.६ च्या दरम्यान. पण साताऱ्याहून तो जास्तीत जास्त ४६ अंशांपर्यंतच चढतो, जवळ तोडीचे तारे नाहीत, आणि चंद्र दर महिन्याला त्याच्या आसपासून जातो. चित्रा १.० आणि श्रवण ०.८ हे त्यातल्या त्यात कामाचे. एप्रिल-मेमध्ये उशिरा रात्री जमेल तेवढं करून घ्या, मृगाचा पाऊस आला की संपलं.

नोंदी पाठवायच्या असतील तर १९११ पासून चालू असलेली आव्सो (AAVSO) ही रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची नोंद ठेवणारी अमेरिकेतली संस्था हौशी लोकांचे डोळ्यानं केलेले अंदाजही घेते. तिथं वेळ जागतिक लागते, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करा. पहाटे साडेपाचच्या आधीच्या नोंदीला तारीख आदल्या दिवसाची येते, ही गफलत फार होते. तुलना तारे कोणते वापरले ते लिहा, आणि धूर, धुकं, चंद्र असेल तर शेऱ्यात तेही टाका. खराब आकाशातला आकडा शेऱ्यासकट आला तर निवडणारा तो ओळखतो. शेऱ्याशिवाय आला, तर तोच पुढच्या वर्षीच्या मेसेजचं भांडवल होतो.